जपानमध्ये पूर्ण शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं

मिवा निशिकावा या दिग्दर्शिकेचा 'सुबाराशिकी सेकाई' हा चित्रपट २०२० साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जपानच्या चित्रपटगृहांत लागला. जपानबाहेर तो 'अंडर द ओपन स्काय' या नावाने ओळखला जातो. पुढे 'परफेक्ट डेज'साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले कोजी याकुशो यात मिकामी नावाच्या जुन्या याकुझाच्या, म्हणजे संघटित टोळीतल्या गुंडाच्या, भूमिकेत आहेत. खुनाच्या गुन्ह्यात १३ वर्षं आत काढून मिकामी होक्काइडोतल्या आसाहिकावा तुरुंगातून बाहेर पडतो, तोक्योला येतो आणि आता सरळ जगायचं असं ठरवतो.

पुढचा बराचसा चित्रपट सरकारी खिडक्यांसमोर घडतो. मदत कार्यालय, पोलीस ठाणं, दवाखाना, नोकरीची चौकशी. कोण नकार देतं आणि का देतं, हे चित्रपट थांबून समजावत नाही. त्यामुळे जपानी व्यवस्था माहीत नसलेल्या प्रेक्षकाला वाटतं की मिकामीचं सगळं बिघडतं ते त्याच्या तापट डोक्यामुळे. डोकं तापट आहेच. पण नियम समजून घेतले की दिसतं, अगदी थंड डोक्याचा माणूसही यातल्या निम्म्या ठिकाणी अडकला असता. ते नियम पुढे सांगितले आहेत. चित्रपटाचा शेवट सांगितलेला नाही, मधले काही प्रसंग मात्र येतील.

सुटण्याचे दोन मार्ग

जपानी तुरुंगातून माणूस दोन प्रकारे बाहेर येतो. एक म्हणजे शिक्षेचा शेवटचा दिवस भरून. दुसरा म्हणजे मुदतीआधी, अटींवर. या दुसऱ्या प्रकाराला इथे पॅरोल म्हणू, पण महाराष्ट्रातल्या कैद्याला मिळणाऱ्या अभिवचन रजेशी त्याची गल्लत नको. आपल्याकडची ती रजा संपली की कैदी परत आत जातो. जपानमधला पॅरोलवरचा कैदी अटी पाळल्या तर परत जात नाही. उरलेली शिक्षा तो बाहेर, देखरेखीखाली पुरी करतो.

जपानच्या दंडसंहितेच्या कलम २८ नुसार ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा एक तृतीयांश भाग आणि जन्मठेपेची दहा वर्षं भोगून झाल्यावर पॅरोल देता येतो, मात्र कैद्याला पश्चात्ताप झालेला दिसला पाहिजे. कागदावर हे उदार वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांना शिक्षेचा मोठा भाग, अनेकदा ८० टक्क्यांहून जास्त, उलटल्यावरच पॅरोल मिळतो. निर्णय तुरुंग घेत नाही. देशात आठ प्रादेशिक मंडळं आहेत, ती घेतात. ती दोन प्रश्न हमखास विचारतात: हा माणूस बाहेर राहणार कुठे, आणि याची जबाबदारी कोण घेणार?

जबाबदारी घेणाऱ्या माणसाला 'मिमोतो हिकिउकेनिन' म्हणतात. आई-वडील, पत्नी, भाऊ, कधी जुना मालक. कैदी आत असतानाच त्या पत्त्यावर कुणीतरी जाऊन पाहणी करतं: घरात जागा आहे का, घरच्यांची खरंच तयारी आहे का, शेजारी गुन्ह्यातला पीडित राहत नाही ना. असा माणूस आणि असा पत्ता नसेल तर पॅरोलची फाइल बहुधा तिथेच थांबते. टोळीशी संबंध असेल किंवा तुरुंगात वारंवार शिस्तभंग झाला असेल तर आणखी कठीण.

दरवर्षी सुटणाऱ्यांपैकी साधारण दहातले सहा पॅरोलवर येतात आणि चार पूर्ण मुदत भरून. खरी गोम इथे आहे. पॅरोलवर आलेल्यावर देखरेख असते, म्हणजेच त्याला विचारणारं कुणीतरी असतं. मुदत भरून आलेल्यावर राज्याचा काहीही हक्क उरत नाही, आणि म्हणून त्याच्यामागे कुणी लागतही नाही. ज्याला घर नाही, माणूस नाही, त्यालाच पॅरोल मिळत नाही. आणि ज्याला पॅरोल मिळत नाही त्यालाच फाटकाबाहेर सगळ्यात कमी मदत असते. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं नाही. दोन वेगवेगळे, आपापल्या जागी बरोबर असलेले नियम एकमेकांना जोडले की असं होतं.

मिकामी मुदत भरून येतो. त्याच्या नशिबाने तोक्योतला एक वृद्ध वकील आणि त्याची बायको त्याचे पालक व्हायला तयार असतात. त्या जेवणाच्या प्रसंगाकडे नीट पाहा. जपानी प्रेक्षकाच्या दृष्टीने ते दांपत्य फार दुर्मीळ गोष्ट करत आहे.

हातात पैसे किती

तुरुंगात काम केल्याचे पैसे मिळतात, पण ते वेतन नव्हे. 'सागयो होशोकिन' नावाचा तो मोबदला आहे आणि त्याची सरासरी महिन्याला चार-साडेचार हजार येनच्या घरात येते. नव्या कैद्याला त्याहून खूप कमी मिळतात आणि हुद्दा वाढत जाईल तशी रक्कम वाढते. तोक्योतलं किमान वेतन २०१९ पासून ताशी हजार येनच्या वर आहे. म्हणजे आतली महिन्याची कमाई बाहेरच्या अर्ध्या दिवसाएवढी.

आता खोलीचा हिशेब. तोक्योत ५० हजार येन भाड्याची साधी खोली घ्यायची तर आधी अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलालाचं शुल्क, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं आणि भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीचं शुल्क लागतं. सगळं मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकं होतं, म्हणजे दोन ते तीन लाख येन. पैसे जमले तरी हमी कंपनी नोकरी आणि तातडीच्या संपर्कासाठी एक नाव मागते. नोकरी देणारा फोन नंबर मागतो. फोन कंपनी ओळखपत्र आणि पत्ता मागते. दीर्घकाळ तुरुंगात असलेल्या माणसाची रहिवासी नोंद पालिकेने काढून टाकलेली असू शकते. ती पुन्हा करायची तर मूळ गावातून कुटुंब नोंदवहीची प्रत मागवावी लागते. यातलं काहीच अशक्य नाही, पण क्रम चुकला की आठवडे जातात आणि तेवढ्यात खिशातले पैसे संपतात.

मुदत भरून आलेल्यासाठी एक मदत आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. 'कोसेई किंक्यू होगो', म्हणजे सुटकेनंतरचं तातडीचं साहाय्य. अट एवढीच की माणसाने स्वतः परिवीक्षा कार्यालयाकडे, म्हणजे सुटलेल्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, मागितलं पाहिजे, आणि सर्वसाधारणपणे सुटकेपासून सहा महिन्यांच्या आत. त्यातून जेवण, प्रवासखर्च किंवा पुनर्वसन वसतिगृहात जागा मिळू शकते. अशी वसतिगृहं देशभरात शंभरच्या आसपास आहेत आणि त्यांची एकूण क्षमता अडीच हजारांपेक्षा थोडी कमी. वर्षाला सुटणारे सतरा हजारांच्या आसपास. म्हणून मुक्काम काही महिन्यांचाच असतो. २०११ पासून स्वयंसेवी संस्थांच्या खोल्याही या कामासाठी नोंदवल्या जातात. ज्याने आयुष्यभर सरकारी माणूस म्हणजे पोलीस असंच पाहिलं, तो सुटल्यावर आपण होऊन सरकारी कार्यालयात का जाईल, हा प्रश्न मात्र या योजनेने सोडवलेला नाही.

मदत कार्यालयाची खिडकी

चित्रपटात मिकामीला सगळ्यात जास्त बोचतो तो 'सेइकात्सु होगो'चा, म्हणजे निर्वाह साहाय्याचा अर्ज. हा कायदा १९५० चा. त्यात आठ प्रकारची मदत आहे: रोजचा खर्च, घरभाडं, वैद्यकीय उपचार, शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा, बाळंतपण, कामधंदा आणि अंत्यविधी. तोक्योत एकट्या माणसाला घरभाड्यापोटी जास्तीत जास्त ५३,७०० येन आणि रोजच्या खर्चासाठी साधारण ७० ते ८० हजार येन महिन्याला मिळतात. उपचार मोफत. उच्च रक्तदाबाच्या मिकामीला ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, हे त्याला उशिरा कळतं.

अर्ज जिथे माणूस सध्या आहे तिथल्या कल्याण कार्यालयात देता येतो, रहिवासी नोंद तिथली नसली तरी. निर्णय १४ दिवसांत द्यायचा असतो, विशेष कारण असेल तर ३० दिवसांपर्यंत. मधल्या काळात बचत, बँक खातं, विमा तपासला जातो आणि नातेवाइकांना 'तुम्ही याला पोसू शकता का' असं पत्र जाऊ शकतं. अनेक जण याच पत्राच्या भीतीने अर्जच करत नाहीत. वीस वर्षं न भेटलेल्या भावाला आपण जिवंत आहोत हे अशा पत्रातून कळावं, हे कुणाला नको असतं. पूर्वीचा गुन्हा हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. चालू टोळीसदस्य असणं मात्र होतं. म्हणून याकुझाचा पूर्वेतिहास असलेल्याला पहिल्या भेटीतच त्याबद्दल उलटसुलट विचारलं जातं. चित्रपटातला कार्यालयीन माणूस सुरुवातीला कोरडा वाटतो, पण तो नियमानेच वागतोय. शहरात अशा एका कर्मचाऱ्याकडे साधारण ८० कुटुंबं असावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. पुढे तोच माणूस प्रमाणाबाहेर जाऊन मिकामीसाठी धडपडतो, आणि दिग्दर्शिकेने ही वाटचाल फार संयमाने दाखवली आहे.

परवाना, नोकरी, आणि पाच वर्षं

मिकामीला ड्रायव्हर व्हायचंय. परवान्याची मुदत तुरुंगात असताना संपली. जपानी नियमात तुरुंगवास हे मुदत चुकण्याचं मान्य कारण आहे. मुदत संपून तीन वर्षं उलटायच्या आत, आणि सुटल्यापासून एका महिन्यात गेलं, तर ड्रायव्हिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. तीन वर्षं उलटली की नव्याने सुरुवात. १३ वर्षांनी आलेल्याला म्हणूनच पोलीस ठाण्यात सवलत मिळत नाही; अधिकाऱ्याने कितीही ठरवलं तरी त्याच्या हातात ते नाही. मग ड्रायव्हिंग स्कूल, ज्याचा खर्च तीन लाख येनच्या आसपास, किंवा थेट परवाना केंद्रावर परीक्षा, जी स्वस्त आहे पण पहिल्या फटक्यात पास होणारे थोडे. मिकामीची त्या मैदानावरची फजिती हसवते, पण तो स्वस्त मार्ग का निवडतो हे हिशेब मांडल्यावर कळतं. निर्वाह साहाय्यातून परवान्याचा खर्च मिळू शकतो. त्यासाठी त्या परवान्यावर नोकरी लागणार हे जवळपास नक्की असावं लागतं. आणि नोकरीवाला म्हणतो, आधी परवाना आणा.

नोकऱ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. माजी कैद्यांना कामावर घ्यायची तयारी दाखवून परिवीक्षा कार्यालयात नाव नोंदवलेले मालक देशभरात सुमारे २५ हजार आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक बांधकामातले. २०१५ पासून अशा मालकाला एका कामगारामागे वर्षाला कमाल ७ लाख २० हजार येन प्रोत्साहन मिळतं. पहिले सहा महिने दरमहा ८० हजारांपर्यंत, आणि पुढे माणूस टिकला तर तीन-तीन महिन्यांनी १ लाख २० हजारांचे दोन हप्ते. रक्कम टिकण्याला जोडली आहे हे शहाणपणाचं, कारण सगळ्यांत मोठी गळती पहिल्या काही महिन्यांतच होते. तरी नोंदणी केलेल्यांपैकी प्रत्यक्षात कुणाला तरी कामावर ठेवलेले मालक फार थोडे. कारण साधं आहे: साठीच्या जवळ आलेला, रक्तदाबाचा त्रास असलेला माणूस पायाडावर चढवायला कुणी तयार नसतं. कैद्याचं कौशल्य आणि मालकाची गरज यांची गाठ घालायला 'कोरेवर्क' नावाची केंद्रं नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली, आधी सायतामा आणि ओसाका इथे, २०२० पासून आठ ठिकाणी. मिकामी आत शिलाई शिकला आहे, हातही सफाईदार आहे. पण शिलाईचे बहुतेक कारखाने जपानमधून केव्हाच बाहेर गेले.

गुन्हा लपवावा की सांगावा, हा दुसरा पेच. जपानी दंडसंहितेत अशी तरतूद आहे की शिक्षा संपल्यावर दहा वर्षं दंडाची किंवा त्याहून मोठी दुसरी शिक्षा झाली नाही तर आधीच्या शिक्षेचा कायदेशीर परिणाम संपतो. त्याआधी, अर्जाच्या छापील नमुन्यात शिक्षेबद्दलचा रकाना असेल तर खोटं लिहिणं पुढे बडतर्फीचं कारण ठरू शकतं. रकाना नसला तरी १३ वर्षांची मोकळी जागा लपत नाही.

आणि याकुझासाठी आणखी एक भिंत. टोळ्यांवरचा राष्ट्रीय कायदा १९९२ मध्ये लागू झाला. त्यानंतर एकेका प्रांताने स्वतःचे नियम केले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तोक्यो व ओकिनावाचे नियम लागू झाल्यावर सर्व ४७ प्रांत त्यात आले. हे नियम टोळीला जितके लागतात तितकेच टोळीशी व्यवहार करणाऱ्यालाही. त्यामुळे बँका, घरमालक, फोन आणि विमा कंपन्यांनी करारांत कलम घातलं की टोळी सोडून पाच वर्षं झाली नसतील तर त्या माणसाला टोळीतलाच समजू. पगार थेट खात्यात जमा होतो अशा देशात खातं नाही म्हणजे नोकरी नाही. परिणाम आकड्यांत दिसतो: १९६३ मध्ये १ लाख ८४ हजारांवर असलेली याकुझांची संख्या आता २० हजारांच्या आसपास आली आहे. ती कमी झाली हे चांगलंच. पण जे बाहेर पडले ते गेले कुठे, याची व्यवस्था नियम करताना झाली नव्हती. २०२२ मध्ये पोलीस यंत्रणेने बँकांना सांगितलं की टोळी सोडून नोंदणीकृत मालकाकडे कामाला लागलेल्यांना पगाराचं खातं उघडू द्यावं.

हे समजलं की दिग्दर्शिकेचा एक निर्णय किती विचारपूर्वक होता ते दिसतं. चित्रपटाचा आधार रियुझो साकी यांची १९९० ची कादंबरी आहे, जी एका खऱ्या कैद्याच्या आयुष्यावर बेतली आहे. निशिकावांनी ती आजच्या काळात आणली. कादंबरी लिहिली गेली तेव्हा टोळ्यांविरुद्धचा कायदा नव्हता आणि पाच वर्षांचं कलमही नव्हतं. कथा तीस वर्षं पुढे आणताना मिकामीच्या वाटेतले अडथळे बदलले आहेत, आणि क्यूशूतल्या जुन्या साथीदाराकडे तो जातो तेव्हा ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं. परतीची वाट म्हणून ज्या घराकडे त्याने पाहिलं, ते घरच आता कोसळत आलेलं आहे.

पगार न घेणारे लोक

जपानची ही यंत्रणा खरी उभी आहे ती 'होगोशी'ंवर. परिवीक्षेचे पगारी अधिकारी प्रत्यक्ष कामावर हजाराच्या आसपास, आणि त्यांच्याबरोबर सुमारे ४६-४७ हजार स्वयंसेवक होगोशी. निवृत्त शिक्षक, दुकानदार, मंदिराचे पुजारी, गृहिणी. मानधन नाही, फक्त खर्च मिळतो. पॅरोलवरच्या माणसाला ते महिन्यातून साधारण दोनदा भेटतात, अनेकदा स्वतःच्या घरी, चहावर. सरासरी वय ६५ च्या पुढे गेलं आहे आणि नवे लोक मिळत नाहीत. मे २०२४ मध्ये शिगा प्रांतातल्या ओत्सू शहरात एका होगोशीचा खून झाला. ते ज्याची देखरेख करत होते त्यालाच अटक झाली, आणि घरी भेटण्याच्या प्रथेवर देशभर वाद झाला.

या परंपरेची सुरुवातही एका मृत्यूने झाली. शिझुओका तुरुंगातून सुटलेला एक माणूस घरी परतला तर बायकोने दुसरं लग्न केलेलं, नातेवाइकांनी थारा दिला नाही. पुन्हा गुन्हा करणार नाही असा शब्द त्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला दिला होता. चिठ्ठी लिहून त्याने पाण्यात जीव दिला. हे ऐकून किनबारा मेइझेन या उद्योजकाने १८८८ मध्ये सुटलेल्या कैद्यांसाठी संस्था काढली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी चित्रपटातही यंत्रणेपेक्षा माणसंच कामी येतात: वकील, किराणा-भाजी दुकानाचा व्यवस्थापक, कार्यालयातला कर्मचारी, टीव्हीसाठी चित्रण करायला आलेला तरुण. व्यवस्थापक तर आधी मिकामीवर चोरीचा आळ घेतो.

सगळीच माणसं अशी भेटत नाहीत. जानेवारी २००६ मध्ये शिमोनोसेकी रेल्वे स्थानक एका ७४ वर्षांच्या माणसाने पेटवलं. तो फुकुओका तुरुंगातून आठच दिवसांपूर्वी सुटला होता, मदत मागायला गेला होता आणि रिकाम्या हाती परतला होता. त्याला बौद्धिक अपंगत्वही होतं. या प्रकरणाने हादरून २००९ पासून प्रत्येक प्रांतात स्थिरीकरण केंद्रं उभी राहिली. ती वृद्ध आणि अपंग कैद्यांची राहण्याची व उपचारांची सोय ते आत असतानाच लावतात. पन्नाशीतला, धडधाकट दिसणारा, कुठल्याच गटात न बसणारा मिकामीसारखा माणूस त्यांच्या कक्षेत येत नाही.

आकडे वाचताना

बातम्यांत दोन आकडे येतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. अटक झालेल्यांपैकी आधीही गुन्हा केलेले किती, हे प्रमाण जपानमध्ये जवळपास निम्मं आहे. २०२० मध्ये ते ४९.१ टक्क्यांवर गेलं होतं. पण नवे गुन्हेगार कमी झाले तरी हा आकडा आपोआप वाढतो, कारण भाजकच लहान होतो. सुधारणेचं मोजमाप म्हणून दुसरा आकडा पाहावा: सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत परत तुरुंगात गेलेले किती. सरकारने तो १६ टक्क्यांवर आणायचं ठरवलं होतं आणि २०१९ मध्ये सुटलेल्यांच्या बाबतीत तो १५.७ टक्के निघाला. त्यातही मुदत भरून सुटलेल्यांचं परतण्याचं प्रमाण पॅरोलवाल्यांपेक्षा बरंच जास्त आहे. देखरेख उपयोगी पडते की मुळात घर-माणूस असलेल्यांनाच पॅरोल मिळतो म्हणून तसं दिसतं, हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. दोन्ही असावं.

पुढे मिकामी ज्या कामाला लागतो ते वृद्धाश्रमातलं. तिथेही एक बारीक नियम आहे: परवानाधारक शुश्रूषा कर्मचाऱ्याची राष्ट्रीय पात्रता तुरुंगवास संपल्यावर दोन वर्षं घेता येत नाही, मदतनीस म्हणून मात्र काम करता येतं. माणसांचा तुटवडा असल्याने हे क्षेत्र पूर्वायुष्य फारसं विचारत नाही. तिथे सहकाऱ्याची टवाळी चाललेली असताना मिकामी जे करतो, तो प्रसंग चित्रपटाचा कणा आहे. याला पुनर्वसन म्हणायचं का, हे दिग्दर्शिका सांगत नाही.

चित्रपटानंतर कायदा हलला. १ जून २०२५ पासून सक्तमजुरी आणि साधी कैद हे दोन प्रकार रद्द होऊन 'कोकिनकेई' ही एकच शिक्षा आली. १९०७ च्या दंडसंहितेनंतर शिक्षेचे प्रकार बदलण्याची ही पहिलीच वेळ. आता काम सरसकट सर्वांवर लादण्याऐवजी कुणाला शिक्षण, कुणाला व्यसनमुक्ती, कुणाला चालण्याचा व्यायाम असा कार्यक्रम कैद्यागणिक ठरवायचा आहे. कलम २८ मधला एक तृतीयांश शिक्षेचा आणि पश्चात्तापाचा निकष मात्र तोच राहिला आहे, आणि शिक्षा भरून फाटकाबाहेर येणाऱ्या माणसाला परिवीक्षा कार्यालयाकडे मदत अजूनही स्वतःच मागावी लागते.